झाडाचा पाला उकळून बिअर बनवणारा कॅप्टन कुक आणि खलाशांनी नाकारलेलं शेवटचं पिंप

बिअर कशापासून बनते असं कुणी विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं. जव, हॉप्स, यीस्ट आणि पाणी.

पण न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर ओनेकाका नावाच्या छोट्याशा ठिकाणी ‘मसल इन’ म्हणून एक पब आहे. तिथे एक लालसर तपकिरी, गडद रंगाची बिअर मिळते आणि तिच्यात मानुका नावाच्या झाडाचे कोवळे शेंडे घातलेले असतात. हो, ज्याचा महागडा मध तुम्ही ऑनलाइन पाहिला असेल, तेच हे मानुका. पहिल्या घोटाला माल्टचा गोडवा लागतो, नाकात फुलांसारखा, थोडा आल्यासारखा वास शिरतो आणि घोट गिळल्यावर जिभेवर चहासारखा तुरटपणा राहतो.

या बिअरचं नाव आहे ‘कॅप्टन कुकर’. न्यूझीलंडमध्ये रानडुकरांना कॅप्टन कुकर म्हणतात. कॅप्टन कुकने या बेटांवर आणलेल्या डुकरांची ती वंशज आहेत, असं मानलं जातं.

पण या ग्लासात कुकचं फक्त नाव नाही. मानुकाची पानं घालून बिअर बनवणारा पहिला माणूसही तोच होता. १७७३ साली त्याने बनवलेली बिअर ही न्यूझीलंडमधली पहिली बिअर मानली जाते. आणि त्याने ती मजा म्हणून बनवली नव्हती, माणसं जगवायला बनवली होती.

गोष्ट अशी आहे की…

शेतमजुराचा पोरगा

जेम्स कुकचा जन्म १७२८ सालचा. इंग्लंडच्या यॉर्कशर भागात मार्टन नावाच्या गावातला. बाप शेतमजूर. घरात पैसा नाही, पण पोरगं हुशार आहे हे बाप ज्याच्याकडे कामाला होता त्या जमीनदाराच्या लक्षात आलं आणि त्याने जेम्सच्या शाळेचा खर्च उचलला.

सोळा-सतराव्या वर्षी जेम्सला समुद्रकाठच्या स्टेथ्स गावात एका दुकानात कामाला ठेवलं. किराणा आणि कापड विकण्यात त्याचं मन काही लागेना. दीडेक वर्षात तो तिथून निघाला आणि व्हिटबी बंदरात कोळसा वाहणाऱ्या जहाजांवर शिकाऊ म्हणून लागला. दिवसा दोरखंड ओढायचे, उरलेल्या वेळात गणित आणि खगोलशास्त्र शिकायचं. काही वर्षांत त्याला एका जहाजाचा कप्तान होण्याची संधी आली. त्याने ती नाकारली आणि १७५५ साली ब्रिटिश नौदलात साधा खलाशी म्हणून भरती झाला.

आयती कप्तानी सोडून पुन्हा खालच्या पायरीवर कोण जातं? पण कुक गेला. दोनच वर्षांत परीक्षा पास होऊन तो जहाजाचा ‘मास्टर’ झाला, म्हणजे जहाज कुठून आणि कसं न्यायचं याची जबाबदारी त्याच्यावर आली.

तोफांपेक्षा जास्त माणसं मारणारा आजार

१७५८ साली कुक ‘पेम्ब्रोक’ या युद्धनौकेवरून कॅनडाकडे निघाला. अटलांटिक ओलांडेपर्यंत त्या एका जहाजावरची पंचवीसहून जास्त माणसं दगावली. वाटेत लढाई झाली नव्हती. ती स्कर्व्हीने मेली होती.

स्कर्व्ही म्हणजे काय? हिरड्या सुजून काळ्या पडतात, दात हलायला लागतात, अंगावर निळे-काळे डाग उठतात, सांधे धरतात, जुन्या भरलेल्या जखमा पुन्हा उघडतात. मग एक दिवस माणूस उठतच नाही. आज आपल्याला माहीत आहे की हा क जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार आहे. तेव्हा ‘जीवनसत्त्व’ हा शब्दही जन्माला आला नव्हता. महिनोन्‌महिने खारवलेलं मांस आणि किडे पडलेली सुकी बिस्किटं खाऊन खलाशी मरत होते. १७४० साली जॉर्ज अॅन्सन हा ब्रिटिश अधिकारी सुमारे १,९०० माणसं घेऊन जगप्रदक्षिणेला निघाला होता. त्यातली हजाराहून जास्त परत आली नाहीत. शत्रूच्या हातून मेलेले त्यात मोजकेच होते.

कॅनडात कुकला एक गोष्ट बघायला मिळाली. तिथे सैनिक आणि खलाशी स्प्रूस नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या फांद्या उकळून, त्यात मळी घालून बिअर बनवायचे. मळी म्हणजे साखर काढून झाल्यावर उरणारा काळा, चिकट पाक. आपल्याकडे साखर कारखान्याजवळ राहणाऱ्यांना तिचा वास वेगळा सांगायला नको. झाडांचा काढा स्कर्व्हीवर चालतो हे तिथल्या मूळ रहिवाशांना आधीपासून माहीत होतं. १५३५-३६ च्या हिवाळ्यात फ्रेंच दर्यावर्दी जाक कार्तिएची माणसं अशाच एका काढ्याने वाचली होती.

पुढची काही वर्षं कुक न्यूफाउंडलंड बेटाचे नकाशे बनवत होता. ते इतके अचूक निघाले की शेतमजुराच्या या पोराचं नाव थेट लंडनमध्ये पोचलं. दरम्यान १७६२ साली त्याचं एलिझाबेथ बॅट्सशी लग्न झालं होतं.

आंबट कोबीची युक्ती

१७६८ साली त्याला ‘एंडेव्हर’ जहाज देऊन पॅसिफिक महासागरात पाठवण्यात आलं. ताहिती बेटावरून शुक्राचं सूर्यावरून होणारं अधिक्रमण बघायचं, हे काम. शिवाय दक्षिणेला एखादा मोठा खंड आहे का, ते शोधायचं.

स्कर्व्हीवर उपाय म्हणून नौदलाने सोबत बऱ्याच गोष्टी दिल्या होत्या. आंबवलेला कोबी, माल्ट, सुक्या सुपाच्या वड्या. नेमकं काय लागू पडतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे सगळंच द्यायचं असं ठरलं होतं.

अडचण वेगळीच होती. खलाशी नवीन काही तोंडात घालायला तयार नसत. मदेइरा बेटावर ताजं मांस खायला नकार दिला म्हणून कुकने दोघांना बारा-बारा फटके मारले. पण आंबट कोबीच्या वेळी त्याने डोकं लढवलं. कोबी रोज अधिकाऱ्यांच्या टेबलावर वाढायला सांगितला आणि खलाशांना म्हणाला, तुम्हाला हवा तर घ्या, नको तर राहू द्या. साहेब लोक आवडीने खातायत म्हटल्यावर आठवडाभरात एवढी मागणी वाढली, की माणशी मोजून द्यायची वेळ आली.

या सफरीत कुकने न्यूझीलंडला पूर्ण वळसा घालून त्याचा नकाशा काढला. १७६९ मध्ये तिथे पहिल्यांदा उतरताच त्याच्या माणसांनी गोळ्या झाडल्या, त्यात माओरी लोक मेले, हेही विसरता येत नाही. न्यूझीलंडमध्ये आजही कुकचं नाव निघालं की ही आठवण निघतेच.

स्कर्व्हीने मात्र या सफरीत त्याचा एकही माणूस मेला नाही. परतीच्या वाटेवर बटाव्हियामध्ये, म्हणजे आजच्या जकार्तामध्ये, हिवताप आणि हगवणीने गाठलं आणि तीसच्या आसपास माणसं गेली, ती गोष्ट वेगळी.

११७ दिवसांनी दिसलेली जमीन

जुलै १७७२ मध्ये कुक पुन्हा निघाला. या वेळी दोन जहाजं होती. ‘रेझोल्यूशन’ त्याचं आणि ‘अॅडव्हेंचर’ टोबियस फर्नो या अधिकाऱ्याचं. काम होतं दक्षिणेकडचा तो खंड शोधायचं. जानेवारी १७७३ मध्ये त्यांनी अंटार्क्टिक वृत्त ओलांडलं. तिथवर कुणी जहाज नेल्याची नोंद त्याआधी नव्हती. सगळीकडे बर्फ. दोरखंड गोठलेले. पुढे धुक्यात दोन्ही जहाजांची चुकामूक झाली.

२६ मार्च १७७३ ला ‘रेझोल्यूशन’ न्यूझीलंडच्या नैऋत्य टोकाला डस्की साउंड नावाच्या खाडीत शिरलं. केप टाउन सोडल्यापासून ११७ दिवस त्यांना जमिनीचा तुकडाही दिसला नव्हता.

इथे डोंगर थेट समुद्रात उतरलेले, त्यावर घनदाट जंगल आणि पाऊस म्हणाल तर आपला कोकण लाजेल असा. जहाज काठाला इतकं जवळ बांधलं, की पाण्यावर आडवं वाढलेलं एक झाडच चढ-उतार करायला पूल म्हणून वापरता आलं. खलाशांनी जंगलाचा एक तुकडा साफ केला. तिथे लोहाराची भट्टी लागली, आकाशनिरीक्षणाचे तंबू लागले, शिडं दुरुस्त व्हायला लागली. चावऱ्या माश्यांनी हात-पाय सुजले, पण खायला ताजे मासे आणि सीलचं मांस भरपूर होतं.

आणि कुकने बिअर बनवायला घेतली.

बिअर बनली कशी?

कुकला तिथे एक झाड दिसलं, दिसायला कॅनडाच्या स्प्रूससारखं. ते होतं रिमू. स्प्रूसशी त्याचं जवळचं नातं नाही, पण लोंबत्या हिरव्या फांद्या बघून कुकला कॅनडा आठवला. पहिली बिअर त्याने फक्त रिमूची केली. ती इतकी तुरट झाली की प्यायला त्रास व्हायला लागला.

मग त्याने त्यात दुसरा पाला मिसळला, मानुकाचा. या पानांचा खलाशी चहा करून प्यायचे, म्हणून कुक त्याला चहाचं झाड म्हणायचा. मानुकाला इंग्रजीत ‘टी ट्री’ म्हणतात, ते यावरूनच. माओरी लोक रिमू आणि मानुका दोन्ही औषधात वापरत आले होते.

कुकने ही कृती सविस्तर लिहून ठेवली आहे. रिमूचा आणि मानुकाचा पाला समसमान घ्यायचा. बारीक फांद्यांसकट तीन-चार तास उकळायचा. फांदीची साल बोटाने सहज सुटली की काढा झाला असं समजायचं. पाला काढून टाकायचा. मग १ गॅलन मळी आणि ३ गॅलन आटवलेला माल्टचा रस घालायचा आणि एक उकळी आणायची. एवढ्यात २४० गॅलन, म्हणजे साधारण हजार लिटर बिअर होते. हा काढा पिंपात ओतून त्यात चवीच्या अंदाजाने तेवढंच थंड पाणी घालायचं. कोमट झाला की आधीच्या बिअरचा तळाचा गाळ किंवा असेल तर यीस्ट टाकायचं. दह्याला विरजण लावावं तसंच. काही दिवसांत बिअर तयार.

आकडे नीट बघितले तर एक गोष्ट कळते. हजार लिटरमागे गोड म्हणावं असं फक्त चार गॅलन, म्हणजे अठरा लिटरच्या आसपास. साखर कमी म्हटल्यावर मद्यार्कही कमी. आजच्या गडद क्राफ्ट बिअरच्या मानाने कुकची बिअर फारच हलकी होती. चव, वास आणि तुरटपणा यायचा तो झाडाकडून. खरं तर तो थोडासा फसफसणारा काढाच होता.

तरी खलाशांना ती आवडली. जहाजावर आंद्रेआस स्पारमान नावाचा तरुण स्वीडिश निसर्गअभ्यासक होता, थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसचा शिष्य. या बिअरमध्ये थोडी रम आणि तपकिरी साखर टाकून ढवळली की ती फसफसते आणि शॅम्पेनसारखी लागते, अशी नोंद त्याने केली आहे. गोठलेल्या समुद्रातून चार महिन्यांनी बाहेर आलेल्या माणसाला शॅम्पेन आठवणारच म्हणा!

पण बिअरने स्कर्व्ही बरी व्हायची का?

इथे खरी गंमत आहे. क जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होतं. तीन-चार तास पाला उकळल्यावर आणि वर तो आंबवल्यावर त्यात फारसं काही उरत नाही. कुकचा भरवसा माल्टवरही खूप होता, पण माल्टच्या रसात तर हे जीवनसत्त्व जवळपास नसतंच.

मग माणसं वाचली कशी?

कुक जिथे उतरायचा, तिथे पहिलं काम म्हणजे हिरवा पाला गोळा करायचा. रानटी सेलेरी, समुद्रकाठच्या पालेभाज्या, जे सापडेल ते. ते रोज सुपात पडायचं आणि सगळ्यांना खावं लागायचं. शिवाय ताजं मांस, ताजे मासे, सुके कपडे, जहाजाची सफाई. या सगळ्यात खरं काम पाल्याने केलं. बिअरने जे केलं ते दुसरंच होतं. खारवलेल्या मांसाला आणि पिंपातल्या कुबट पाण्याला कंटाळलेल्या माणसांना तिने रोज आवडीने प्यावं असं काहीतरी दिलं.

पुरावा काही महिन्यांतच मिळाला. हरवलेलं ‘अॅडव्हेंचर’ पुन्हा भेटलं आणि दोन्ही जहाजं ताहितीकडे निघाली. जुलै १७७३ मध्ये कळलं, की ‘अॅडव्हेंचर’चा आचारी मेलाय आणि वीसेक माणसं स्कर्व्हीने अंथरुणाला खिळली आहेत. कुकच्या जहाजावर मात्र एखाद-दुसराच आजारी होता. दोघांनी एकाच गोदामातला शिधा भरून घेतला होता. फरक होता तो हिरवा पाला खायला लावण्यात.

१७७५ मध्ये ‘रेझोल्यूशन’ घरी परतलं, तेव्हा तीन वर्षांत शंभरावर माणसांपैकी फक्त चार गेली होती. त्यातला एकच आजाराने आणि तोही स्कर्व्हीने नाही. त्या काळात यावर कुणाचा विश्वास बसला नसता.

रॉयल सोसायटीने १७७६ सालचं कोप्ली पदक कुकला दिलं. नव्या देशांच्या शोधासाठी नाही, तर खलाशांचं आरोग्य राखल्याबद्दल. पण कुकने आपल्या अहवालात पहिलं श्रेय माल्टला दिलं होतं आणि आटवलेल्या लिंबाच्या रसाबद्दल त्याचं मत फारसं चांगलं नव्हतं. तो रस उकळून आटवलेला असल्यामुळे निकामी झालेला असायचा, हे त्याला कळायचा मार्ग नव्हता. जेम्स लिंड या डॉक्टरने १७४७ मध्येच १२ आजारी खलाशांवर प्रयोग करून संत्री-लिंबांचा गुण दाखवला होता. तरी नौदलाने लिंबाचा रस अधिकृतपणे स्वीकारला तो १७९५ मध्ये. कुकच्या शब्दाला असलेल्या वजनामुळेही हा उशीर झाला, असं अनेक इतिहासकार मानतात.

उसाच्या रसाची बिअर

पदकाची घोषणा झाली तेव्हा कुक लंडनमध्ये नव्हता. जुलै १७७६ मध्ये तो तिसऱ्या सफरीवर निघून गेला होता. या वेळी उत्तर अमेरिकेच्या डोक्यावरून जाणारा समुद्रमार्ग शोधायचा होता.

हा कुक पूर्वीचा राहिला नव्हता. थकलेला, चिडचिडा. फटक्यांच्या शिक्षा वाढल्या होत्या. १७७८ च्या उन्हाळ्यात आर्क्टिकच्या बर्फाने वाट अडवली आणि तो हवाई बेटांकडे वळला. तिथे पोचूनही जवळपास सात आठवडे त्याने जहाज बंदरात लावलंच नाही. माल विकायला येणाऱ्या होड्यांशी व्यवहार करत तो बेटाभोवती फिरत राहिला. समोर हिरवी जमीन दिसतेय आणि उतरता येत नाही, म्हणून खलाशी वैतागले.

त्यातच डिसेंबरमध्ये कुकला हवाईचा ऊस मिळाला. त्याने त्याचा काढा केला, जहाजावर उरलेले थोडे हॉप्स टाकले आणि बिअर बनवली. त्याला ती फार आवडली. वर हिशोब असा, की आता ही बिअर प्यायली तर दारूचा साठा पुढच्या वर्षीच्या आर्क्टिकच्या थंडीसाठी वाचेल.

खलाशांनी ती तोंडालाही लावली नाही. हे प्यायलं तर तब्येत बिघडेल, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी कप्तानाला पत्र लिहिलं आणि त्यात शिधा कमी मिळत असल्याची तक्रारही केली. कुकला ते बंडासारखं वाटलं. शिध्याची तक्रार त्याने दूर केली, पण बिअरवरून मागे हटला नाही. ही प्यायची नसेल तर रोजची दारूही बंद! पिंपं बनवणाऱ्या कारागिराने आंबलेल्या काढ्याचं एक पिंप ओतून दिलं, तेव्हा त्याला बारा फटके बसले.

आंबट कोबी खपवताना ज्याने सक्ती न करता खलाशांना जिंकलं होतं, तोच माणूस आता पिंपावरून हट्टाला पेटला होता. स्वतः तो आणि त्याचे अधिकारी ती बिअर पीत राहिले, पण या वेळी अधिकाऱ्यांकडे बघून कुणी ग्लास पुढे केला नाही.

केआलाकेकुआची सकाळ

१७ जानेवारी १७७९ ला जहाजं अखेर केआलाकेकुआ खाडीत लागली. हवाईच्या लोकांनी कुकचं मोठ्या मानाने स्वागत केलं. ४ फेब्रुवारीला जहाजं निघाली, पण वादळात डोलकाठी मोडली आणि आठवडाभरात परत यावं लागलं. आता वातावरण बदललं होतं. चोऱ्या, भांडणं सुरू झाली. १३ तारखेच्या रात्री दुसऱ्या जहाजाची एक मोठी होडी चोरीला गेली.

१४ फेब्रुवारीला सकाळी कुक सशस्त्र सैनिक घेऊन किनाऱ्यावर उतरला. होडी परत मिळेपर्यंत राजा कालानिओपूला ओलीस धरायचं, असा त्याचा बेत होता. हजारोंचा जमाव जमला, झटापट झाली, गोळ्या सुटल्या. कुक आणि त्याचे चार सैनिक काठावरच मारले गेले. हवाईचेही अनेक लोक मेले. तेव्हा कुक ५० वर्षांचा होता.

लंडनमध्ये ही बातमी पोचायला जवळपास वर्ष गेलं. कोप्ली पदक एलिझाबेथला मिळालं. त्यानंतर ती ५६ वर्षं जगली. तिची सहाही मुलं तिच्याआधी गेली. मरण्यापूर्वी तिने नवऱ्याची खासगी पत्रं जाळून टाकली, त्यामुळे घरातला कुक कसा होता हे आपल्याला कधीच कळणार नाही.

त्याची बिअरची कृती मात्र शिल्लक आहे. न्यूझीलंडमध्ये ती पुन्हा बनवली जाते, अर्थात आजच्या जिभेला रुचेल अशी जास्त गडद आणि जास्त कडक करून. डस्की साउंडमध्ये त्याच्या माणसांनी तोडलेल्या झाडांचे काही बुंधे अडीचशे वर्षांनी अजूनही दिसतात. आजूबाजूला रिमू आणि मानुका पुन्हा दाट वाढले आहेत.

कधी न्यूझीलंडला गेलात आणि समोर मानुकाची गडद बिअर आली, तर जिभेवर राहणाऱ्या त्या तुरटपणाकडे जरा लक्ष द्या. तो तुरटपणा खलाशांच्या घशाखाली उतरावा म्हणून एका कप्तानाने कधीकाळी दोन झाडांचं प्रमाण जुळवत बसून घालवलं होतं.